आपांची पाटी

पान उलटायच्या आधी आपा बोटाला थुंकी लावायच्या. हातात कागदाचं पुस्तक असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण आपांच्या हातात असायचा ई-रीडर. शाळेच्या पाटीएवढा, राखाडी पडद्याचा, कडेला पान उलटायची दोन बटणं असलेला. त्या जिभेला बोट लावायच्या, तेच बोट पदराला पुसून कोरडं करायच्या आणि मग बटण दाबायच्या. पडदा क्षणभर काळा होऊन नवीन पान उमटायचं.

"आपा, बटणाला थुंकी कशाला?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"पान हाय ना ते? मग पानावानीच उलटायचं. वाईट काय हाय त्यात, ते सांग आधी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरचा कितीही मोठा असो, त्याने एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की आपा त्यातलं वाईट काय ते विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याकडं बघत राहायच्या. बहुतेकांना उत्तर सापडायचं नाही. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. भल्याभल्यांची पंचाईत होते.

मी मूळची मुखेडची. नुकती एम.एस्सी. होऊन लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला आले होते. सगळ्या मराठवाड्यातून पोरं-पोरी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातुरात येत होती आणि जिथं तिथं क्लास, मेस आणि वसतिगृहं उभी राहत होती. आमच्या क्लासच्या मालकांनीही मुलींचं वसतिगृह काढलं होतं. त्यातच तळमजल्यावर मला खोली मिळाली आणि आपा तिथल्या रेक्टर. कमरेला चाव्यांचा जुडगा, पायात पुरुषी चपला, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची पोरगी अंथरुणातून उठून बसावी. मुली त्यांना आपा म्हणायच्या, मालकही आपाच म्हणायचे.

इमारत चांगली तीन मजली स्लॅबची, पण आपा मात्र गच्चीवर एका पत्र्याच्या खोलीत राहायच्या. ती त्यांनी मालकांकडून भांडून बांधून घेतली होती. चैत्र-वैशाखात तो पत्रा असा तापायचा की आत पाऊल टाकलं तरी जीव घाबरा व्हावा. मी एकदा म्हटलं, "आपा, खाली माझ्या खोलीत झोपा, पंखा आहे, गारवा आहे."

"वर पत्राच पाहिजे मला," त्या म्हणाल्या. "तापला तर तापू दे. तो अंगावर पडला तरी माणूस उठून बसतं."

पुढं काही विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं भूकंप म्हटलं की साल सांगावं लागत नाही. आपांचं सासर त्या पडलेल्या गावांपैकीच एक. माळवदाची घरं, वर मातीचं जड छत, दगडमातीच्या रुंद भिंती. गणपती बोळवून लोक झोपले होते, त्या पहाटे सगळं खाली आलं. आपांना दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. एवढंच मला इतरांकडून कळलं होतं. त्या स्वतः त्याबद्दल बोलायच्या नाहीत.

भिंतीवर फळी ठोकून वर काही ठेवलेलंही त्यांना चालायचं नाही. मुलींच्या खोल्यांमध्ये जाडजूड पुस्तकांचे गठ्ठे डोक्यावरच्या फळ्यांवर दिसले की त्या स्वतः उतरवून जमिनीवर मांडायच्या. म्हणूनच असेल, हैदराबादच्या भाच्याने ईदला येताना तो ई-रीडर आणला तेव्हा त्या हरखून गेल्या. "खाला, ह्यात कपाटभर पुस्तकं मावतात," तो म्हणाला आणि खालाने ते उपकरण तळहातावर तोलून पाहिलं. त्याला नाव दिलं पाटी. भाचा दर सणाला यायचा आणि पाटीत नवीन पुस्तकं भरून जायचा. मराठी कथा, हिंदी चित्रकथा, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोककथा.

सुरुवातीला पाटीला मराठी धड यायचं नाही. वेलांटी एका अक्षरावरून उडून भलत्याच अक्षरावर बसायची, जोडाक्षरं फुटून लांब लांब पडायची. मला तर दोन ओळी वाचून डोकं दुखायला लागलं. आपा मात्र सरसर वाचायच्या. "बोबडं लेकरू काय म्हणतंय ते घरच्याला कळतं," म्हणायच्या.

आता त्या वसतिगृहाचा नियम ऐका. मोबाइल बंद. टीव्ही नव्हताच. आणि अभ्यासाव्यतिरिक्त पुस्तक सापडलं तर जप्त. रविवारी सकाळी मुलींच्या पेट्या तपासायच्या आणि गोष्टीचं पुस्तक दिसलं तर मालकांच्या टेबलावर ठेवायचं, हे काम आपांचंच होतं. मोबाइल सापडला की त्या कुणाची गय करायच्या नाहीत. गोष्टीचं पुस्तक मात्र त्यांना कधीच सापडलं नाही. पेटीत हात घालून, चाचपून, "ह्यात काय न्हाई," म्हणत झाकण लावायच्या.

त्या वर्षी हदगावची एक मुलगी होती. बापाचं कापडाचं छोटं दुकान, ही घरात पहिलीच बारावी सायन्सला. दहावीत शाळेत पहिली आलेली. इथं मात्र दर परीक्षेनंतर मेसच्या दारात गुणानुक्रमे नावं लागायची आणि हिचं नाव प्रत्येक वेळी थोडं खाली. सुरुवातीला रडायची. मग रडणं थांबलं आणि तेव्हाच मला भीती वाटायला लागली. ताटावर बसायची, भाकरी मोडायची आणि उठायची. वर्गात मी प्रश्न विचारला तर माझ्याकडं बघायची, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नसायचं.

एका रविवारी दुपारी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं कठड्याला टेकून उभी होती. आपा कपडे वाळत घालत होत्या. मी कपडे धुवायला आले होते, साबण विसरले म्हणून आणायला खाली गेले आणि परत आले तर आपांनी कपड्यांची बादली तशीच टाकलेली. त्या पोरीला त्यांनी हाताला धरून सावलीत बसवलं होतं आणि स्वतः शेजारी मांडी घातली होती. समजावणं, धीर देणं, आईबापांची आठवण करून देणं, काहीच नाही. पाटी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"आपा, माझा वेळ जाईल," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

"जाऊ दे की. न्हाई वाचलं तरी जाणारच हाय."

चित्रकथा होती. एक आळशी राजा आणि त्याचा लबाड हत्ती. पोरगी नुसती बघत राहिली. मग आपांनीच बोटाला थुंकी लावून पान उलटलं. पुन्हा उलटलं. तिसऱ्या वेळी पोरीने स्वतः बटण दाबलं. मी बादलीतले उरलेले कपडे वाळत घातले आणि तिकडं न बघण्याचा प्रयत्न करत राहिले. संध्याकाळी ती पूर्ण भाकरी जेवली. आपांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्याच एका मुलीला भात सांडला म्हणून रागावत होत्या.

पुढच्या रविवारी तिच्याबरोबर तिच्या खोलीतल्या दोघी आल्या. मग चौथ्या खोलीतल्या. बघता बघता आपांच्या पत्र्याच्या खोलीबाहेर सावलीत पोरींचं कोंडाळं बसायला लागलं. पाटी एक आणि डोळे इतके, म्हणून आपा मोठ्याने वाचायच्या, आणि चित्र आलं की पाटी हातोहात फिरायची. पडद्यावर रंग नव्हते. सगळं काळं, पांढरं, राखाडी. त्यावरून पोरींची भांडणं लागायची. राजाचा फेटा लाल की केशरी? उदगीरची एक पोरगी ठासून सांगायची की हिरवा, तिच्या मामाचा तसाच होता. उद्या ज्यांना शरीरातल्या नसांची नावं लिहायची होती, त्या पोरी एका फेट्यासाठी हमरीतुमरीवर यायच्या. मला ते ऐकायला फार आवडायचं.

गोष्ट लपून राहणार नव्हतीच. एका मुलीने वसतिगृहाच्या फोनवरून घरी सांगितलं, आणि नांदेडहून तिचे वडील तावातावाने आले. ते स्वतः हायस्कूलवर शिक्षक. त्या महिन्याच्या पालकसभेतच त्यांनी विषय काढला. मेसच्या हॉलमध्ये सगळे पालक बसलेले, आम्ही शिक्षक बाजूच्या बाकावर.

"आम्ही पोरगी इथं कॉमिक्स वाचायला ठेवली का?" ते म्हणाले. "मोबाइलवर बंदी, आणि रेक्टरच टॅब घेऊन बसणार?"

मालकांनी आपांना बोलावलं. आपा पाटी घेऊनच आल्या.

"आपा, हे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"पुस्तक हाय, सर."

"ह्यात सिनेमा दिसतो?"

"न्हाई."

"गाणी? फोन?"

"काय न्हाई. नुसतं वाचायचं."

"अभ्यासाचं?"

"न्हाई, सर. गोष्टी."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सभा शांतपणे उरकायची होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, "चूक झाली म्हणा, यंत्र माझ्याकडं जमा करा. विषय संपला."

आपा पालकांकडं वळल्या.

"आमचं गाव भूकंपात पडलं," त्या म्हणाल्या. "माझा नवरा आन् माझा लेक गेले. लेक दुसरीत व्हता. आम्हाला पत्र्याच्या शेडात ठिवलं. धान्य आलं, कापडं आली. एका मास्तरनं पोत्यात भरून चित्रांची पुस्तकं आणली. लोक म्हणले, हे काय आणलं ह्या मरणाच्या मातमात? ते पोतं कुणी सोडंना. मी सोडलं. पोरं गोळा केली आन् वाचायला बसले. एक पोरगी व्हती, दगडाखालून काढल्यापासून तिच्या तोंडातून शबुद न्हाई. माकडाच्या गोष्टीला ती हसली. म्हातारी माणसं माझ्या अंगावर धावून आली. घरोघर मयत झालंय आन् तुम्ही हसून राह्यलात? मी म्हणलं, वाईट काय हाय त्यात, ते सांगा आधी. तवा कुणी सांगितलं न्हाई. तुम्ही शिकल्यासवरल्याली माणसं हाव. तुम्ही सांगा."

नांदेडचे सर खाली बघत होते.

आपांनी कमरेचा जुडगा सोडला आणि मालकांपुढं धरला. "ह्या चाव्या घ्या, सर. पाटी मिळायची न्हाई."

मालकांनी हात पुढं केला नाही. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, ह्यांना दोन्हींतलं काहीच नको आहे. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. हदगावच्या मुलीची आई. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती.

"आपा," त्या म्हणाल्या, "हे मिळतं कुठं? माझ्या धाकटीसाठी पाहिजे होतं."

कुणीतरी हसलं आणि मग सगळा हॉल सैल झाला. मालकांनी घाम पुसला. रविवारी एक तास वाचायला हरकत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आपांनी जुडगा परत कमरेला लावला आणि माझ्या शेजारून जाताना पुटपुटल्या, "परवानगी मागितली कुणी व्हती?" पुढं गुरुवारीही वाचन सुरू झालं. ते कुणी जाहीर केलं नाही.

हदगावची मुलगी डॉक्टर झाली नाही. तिला तेवढे गुण पडले नाहीत. तिने नांदेडला बी.एस्सी. केलं, पुढं आपल्याच गावात शाळेत लागली. आमच्या क्लासच्या फलकावर तिचा फोटो कधी लागला नाही. मी हे आपांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "जेवती ना नीट?"

काही वर्षांनी आपांनी काम सोडलं आणि त्या अहमदपूरला भावाकडं गेल्या. साखरेचा आजार जुना होता, तो डोळ्यांत उतरला. माझं लग्न झालं, क्लास बदलला, नव्या जागेची गडबड, त्यामुळं जाणं लांबत गेलं. शेवटी एकदा सुट्टीत एस.टी.ने गेले. स्टँडपासून घर जवळच होतं. अंगणात पत्र्याचा मांडव घातलेला आणि त्याखाली बाजेवर आपा. खूप वाळल्या होत्या. पाटी हातातच होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

मी शेजारी बसले तेव्हा पडदा दिसला. अक्षरं जितकी मोठी करता येतात तितकी केलेली. अख्ख्या पानावर जेमतेम दोन शब्द. आपा पाटी नाकाला टेकेल इतकी जवळ धरायच्या, ते दोन शब्द वाचायच्या आणि बटण दाबायच्या. एवढ्याशा वाक्याला कितीतरी पानं लागत होती.

"आपा, द्या इकडं," मी म्हटलं. "मी वाचून दाखवते."

त्यांनी पाटी छातीशी धरली. "का? मला येतं वाचाया."

"त्रास होतोय तुम्हाला."

"हाव, होतोय. वाईट काय हाय त्यात?"

त्यांची वहिनी चहा देऊन गेली. आपा वाचत होत्या, मध्येच थांबून डोळे पुसत होत्या, पुन्हा वाचत होत्या. एकदम खुदकन हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब. कोण पडलं ते कळलंय. कुठं पडलं ते म्होरल्या पानावर हाय."

ती आमची शेवटची भेट. त्याच हिवाळ्यात आपा गेल्या. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. पण त्या दुपारी निघायची वेळ झाली तेव्हा मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तरीही मी तिथंच घुटमळत उभी राहिले. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"जा तू," त्या म्हणाल्या. "गाडी चुकंल तुझी. माझं अजून लई राह्यलंय."