शुक्रवारची लाईन

जळगावातल्या आमच्या कॉलनीत इंटरनेट पहिल्यांदा आलं ते आमच्या घरी, आणि ते बघायला माणसं यायला लागली. खरं तर बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. टेलिफोनच्या शेजारी एक चपटी डबी आणि तिच्यावर लुकलुकणारे लाल दिवे. पण नंबर लागताना ती डबी, म्हणजे मोडेम, जो आवाज काढायची ना, तो ऐकण्याच्या नादात लोकांच्या हातातला चहा गार व्हायचा. आधी पिपाणी, मग मांजरांचं भांडण, मग कढईत मोहरी तडतडावी तसं काहीतरी आणि मग एकदम शांतता. त्या शांततेत माझे सासरे हात वर करून जाहीर करत, "सिग्नल मिळाला!"

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. भुसावळला रेल्वेत गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, आबा मोडेमच्या नादी लागले. त्यांना त्या डबीत गाडीच दिसायची. लाईन लागली की गाडी सुटली. पडद्यावर काही यायला वेळ लागला की गाडी स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला उभी. मधेच तुटली की डबे घसरले. मी धुळ्याची. माहेरी आमच्याकडे हसायचं तरी तोंडावर पदर घेऊन. इथं सासरा इंटरनेटला हिरवा झेंडा दाखवतोय हे बघितलं आणि मी मनानं कायमची सासरची झाले.

इंटरनेट घेतलं होतं ते मात्र हौसेसाठी नाही. आमचे हे मस्कतजवळ एका कंपनीच्या कॅम्पात नोकरीला होते. शुक्रवारी तिकडे सुट्टी. त्यांचा साहेब त्या दिवशी सकाळी ऑफिसातला कॉम्प्युटर त्यांना तासभर वापरू द्यायचा. आपल्याकडे तेव्हा दहा वाजलेले असत. दहा ते अकरा आम्ही नवरा-बायको टाइप करून बोलायचो, इंग्रजी अक्षरांत मराठी. माझ्या शेजारी खुर्ची टाकून आबा बसलेले. अशात काय बोलणार? "जेवलात का?" "हो." "आबा कसे आहेत?" "इथंच आहेत." आमची मुलगी हे तिकडे गेल्यावर जन्मली. ती बापाच्या फोटोला बाबा म्हणायची, आणि मोडेमलाही.

पहिला मोडेम माझ्या भावानं दिलेला, वापरलेला, संथ. भाऊ धुळ्यात कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. फाल्गुनात तो एसटीनं नवा मोडेम घेऊन आला. जुन्याच्या दुप्पट वेगाचा, आणि जाताना जुना दुकानदाराला बदल्यात द्यायला घेऊन गेला. आबांनी नव्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्या दुपारी लाईन अशी पळाली की आबा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

आणि शुक्रवारी दहा वाजता लाईन लागली आणि तुटली. पुन्हा लागली, पुन्हा तुटली. यांचं "कशी आ" एवढं पडद्यावर आलं आणि डबे घसरले. अकरा वाजेपर्यंत तेवढंच.

मी धुळ्याला फोन लावला. भाऊ म्हणाला, "ताई, मोडेम बंद करून चालू कर."

"केला."

"मग कॉम्प्युटर बंद करून चालू कर."

"तोही केला. आता काय, मी बंद होऊन चालू होऊ?"

तो आला. येईपर्यंत दुपार झाली होती आणि लाईन ठणठणीत होती. तरी त्यानं आतल्या खोलीतला दुसरा फोन काढून टाकला. कूलर बंद ठेवायला सांगितला. ट्यूबलाइटवर संशय घेतला. आबा म्हणाले, "अरे भाऊ, हे साधं आहे. रूळ जुना आणि त्याच्यावर तू मेलगाडी सोडली. वेगाची मर्यादा लावायला पाहिजे."

"आबा, वेग वाढवायला मोडेम आणला आणि आता कमी करायचा?"

"रेल्वेत आम्ही तेच करायचो."

मग लाईनमनला बोलावलं. तो यायचा संध्याकाळी. रिसीव्हर कानाला लावायचा, खांबापर्यंत जाऊन यायचा आणि म्हणायचा, "आबा, लाईन तर एकदम क्लियर शे." सकाळी खरखर असायची, पण टेलिफोनवर खरखर असतेच, असंच तेव्हा सगळे समजायचे. आम्ही ओरडून बोलायचो आणि सोडून द्यायचो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच प्रकार. या वेळी "कशी आ" एवढंही आलं नाही.

या सगळ्या गदारोळात माझ्या सासूबाई कुठं होत्या? गच्चीवर.

सासूबाईंना गल्ली अक्का म्हणायची. फाल्गुन-चैत्रात अक्का गच्चीवरच सापडायच्या, कारण आमच्या खानदेशात तो बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम. ज्वारी भिजवायची, भरडायची, पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ-लसूण-जिरं घालून तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर त्याचे गोल गोल बिबडे थापायचे. एकटीचं काम नव्हे ते. आज हिची ज्वारी, उद्या तिची, हात मात्र सगळ्यांचे. आमची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यांचे बिबडे आमच्याच गच्चीवर. आणि तिथल्या सेनापती अक्का. भल्या भल्या बायका त्यांच्यासमोर थापलेला बिबडा जाड झाला की खाली मान घालायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पहिला बिबडा बघून त्या म्हणाल्या होत्या, "हा नकाशा कोणत्या देशाचा शे?" घरात त्या आमच्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण गच्चीवर गेल्या, चिडल्या किंवा खूश झाल्या की त्यांच्या माहेरची खानदेशी बोली वर यायची.

मग एका संध्याकाळी यांनी मस्कतच्या बूथवरून फोन केला. मागं रांग, त्यामुळे घाईघाईत. कंपनी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही मागत होती, शनिवारी उत्तर द्यायचं होतं. "शुक्रवारी सगळं नीट बोलू," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला त्यांनी सही करायला नको होती. परत यायला हवे होते. पण हे घरात म्हणणार कोण? अक्का भाजीवालीपासून भटजीपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, मुलगा आणखी दोन वर्षं तिकडे राहिला की घरावर मजला चढतो. मजल्याचा जिना कोणत्या बाजूनं काढायचा तेसुद्धा ठरलं होतं. आणि मी सून. मला जे बोलायचं ते त्या एका तासात टाइप करूनच बोलता येणार होतं, तेही लाईन टिकली तर आणि आबा पाणी प्यायला उठले तर.

तो शुक्रवार उजाडला आणि नेमकी आमच्या घरची पाळी. ज्वारी भिजलेली, घाटा शिजलेला, तो काही पुढं ढकलता येत नाही. गच्चीवर बायकांचा गलका. खाली मी आणि आबा.

दहाला लाईन लागली. पडद्यावर यांचं वाक्य आलं, "सहीबद्दल तुला काय वाटतं?" मी बोटं ठेवली आणि डबे घसरले.

आबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. त्यांना गप्प बसवत नसे. जिन्याकडे तोंड करून ते कॉमेंट्री करायला लागले. "खरखर! ... अजून खरखर! ... थांब, गेली! स्वच्छ! ... अरे, आली परत!"

वरून अक्कांचा आवाज, "काय गेली न काय आली?"

"खरखर!"

वरती धोतर झटकल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाल्या, "आता?"

"स्वच्छ!"

"आता?"

"खरखर!"

"आता?"

"स्वच्छ! अगं, तू वर काय करतेस?"

मी धावत गच्चीवर गेले. अक्का टेलिफोनच्या तारेखाली उभ्या होत्या, हातात ओलं धोतर. खांबावरून येणारी तार आमच्या गच्चीवरून, हात वर केला की लागेल इतक्या उंचीवरून, खाली खिडकीत उतरायची. मागच्या वर्षी खाट वर चढवताना खाटेचा पाय अडकून ती तुटली होती. लाईनमननं तिथंच दोन टोकं पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. आणि रोज सकाळी, आदल्या दिवशीची धोतरं धुऊन, गच्चीवर आयती बांधलेली दोरी म्हणून आमच्या बायका त्याच तारेवर वाळत घालत होत्या. घाट्यातलं मीठ आणि पापडखार मुरलेलं ते पाणी निथळत थेट त्या सांध्यात. खानदेशातलं ऊन, दुपारी धोतरं कडक, लाईन ठणठणीत. संध्याकाळी लाईनमन आला की तार मोकळी.

अक्का नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी सगळ्या बायकांना जवळ बोलावलं, धोतर तारेवर टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं, आणि दर वेळी खालून आबांची साक्ष काढली. एवढी मोठी तपासणी आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. मग त्यांचा चेहरा उतरला. त्या बिबड्यांतले निम्मे डब्यात भरून मस्कतला जायचे होते.

"म्हंजे पोऱ्याना आवाज मीच बंद करेल शे," त्या हळूच म्हणाल्या.

आणि पुढच्याच क्षणाला सेनापती! "बठ्ठी धोतरं काढा! एक चिंधी नको तारेवर!" त्यांनी पदरानं सांधा कोरडा केला, फुंकर घातली. पण रोजच्या ओझ्यानं सैल झालेली तार झोल खाऊन ओल्या कठड्यावर टेकू बघत होती. अक्कांनी बांबूची कोरडी काठी घेतली, तार तिच्या टोकावर उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या, चैत्राच्या उन्हात, हात वर करून. एक बाई म्हणाली, "अक्का, मी धरते ना."

"तू बिबडे थाप. पातळ थाप! माझा हात गुंतलाय, डोळे नाहीत गुंतलेले." आणि माझ्याकडे बघून, "तू का उभी? जा खाली!"

मी खाली आले. नंबर फिरवला. पिपाणी, मांजरं, मोहरी. लागली, आणि टिकली. आबांनी कपाळाचा घाम पुसला आणि पडद्यावर आलेलं वाक्य जिन्याकडे तोंड करून मोठ्यांदा वाचून टाकलं, "आई काय म्हणते, सही करू का, असं विचारतोय गं!"

मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. वर थापण्याचा आवाजही थांबला. सगळी गल्ली ऐकत होती.

मग वरून अक्का कडाडल्या, "माले काय इचारतस? तिले इचारा! नवरा तिना शे का मना?"

बायका खो खो हसल्या. आबा माझ्याकडे वळले. गार्डाच्या गंभीर चेहऱ्यानं त्यांनी खुर्ची मागं सरकवली, उठले आणि पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी टाइप केलं. घाईत दोन अक्षरं चुकलीसुद्धा. "सही करू नका. घरी या." पाठवून मी डोळे मिटले. त्या डबीला एरवी किती शिव्या दिल्या असतील मी, पण तेव्हा तिचे दिवे इतके शांत लुकलुकत होते, तिची दृष्टच काढावीशी वाटली.

उत्तर यायला वेळ लागला. आबा पाठमोरेच म्हणाले, "आउटरला उभी असेल." मग आलं. "तू म्हणशील याचीच वाट बघत होतो. उद्या 'नाही' म्हणून सांगतो."

आबांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. ते जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे तीन घरांना ऐकू जाईल इतक्या, म्हणाले, "येतोय गं."

लाईन टिकून होती, म्हणजे काठी अजून वरच होती. अकरा वाजून लाईन बंद झाली तेव्हा अक्का खाली आल्या. चेहरा उन्हानं लालबुंद, उजवा हात खांद्यातून उतरेना. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नसत. त्या खुर्चीच्या मागं उभ्या राहिल्या आणि डाव्या हातानं पडद्यावरच्या ओळीखाली बोट ठेवून म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. "पण हळू. तू बी तुझ्या मोडेमसारखी पळतेस."