भित्र्या काकींचे अर्ज

बोलायच्या आधी काकी गिरणीच्या दारात यायच्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघून घ्यायच्या आणि मग आत जाऊन चक्कीचं बटण बंद करायच्या. पट्ट्याची फडफड थांबेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. सगळं शांत झालं की भुवयांवरचं पीठ पदराने पुसत म्हणायच्या, "बाई, मला भ्या वाटतंय बघा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. आष्ट्याहून सांगलीकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात मी शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात दळण घेऊन त्यांच्या गिरणीत गेले. ओळख ना पाळख, आणि काकी मला सांगू लागल्या की गिरणीमागच्या बोळात दिवेलागणीनंतर काही दिसत नाही, बायकांना तिथूनच ये-जा करावी लागते आणि त्यांना स्वतःला त्या बोळाची फार धास्ती वाटते. मी म्हटलं, "मग एकट्या जात जाऊ नका."

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर चांगलं असंल. एक अर्ज लिवून द्या."

तुमच्याही गावात किंवा गल्लीत अर्ज करणारं एखादं माणूस असेलच. बहुधा ते चढ्या आवाजात बोलतं, त्याच्या काखेत फाइल असते आणि कचेरीतल्या शिपायापासून सगळे त्याला टरकून असतात. काकी यातल्या नव्हत्या. त्याच सगळ्यांना टरकायच्या. कुत्र्यांना, विजेच्या कडकडाटाला, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला. मुलगा सैन्यात होता. त्याचा फोन ठरलेल्या वेळी आला नाही तर त्यांना भीती वाटायची आणि भलत्या वेळी आला तर जास्त वाटायची. गिरणी बंद केल्यावर कुलूप ओढून बघायच्या, थोडं पुढे जाऊन परत यायच्या आणि पुन्हा ओढून बघायच्या.

काका त्यांच्या अगदी उलट. ते तोफखान्यातून निवृत्त झालेले, तोफांच्या आवाजाने कान गेलेले, आणि कशालाही न घाबरणारे. गिरणीच्या ओट्यावर खाटेवर बसून ते बायकोकडे बघत हसायचे. "ही बाई माझ्याबरोबर पलटणीत असती तर लढाई व्हायच्या आधीच तह झाला असता," असं मोठ्या आवाजात सांगायचे. काकी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणायच्या, "बरं झालं असतं. तुमचे कान तरी राहिले असते."

पण गावात ज्या लहानसहान सोयी झाल्या, त्या या भीतीतूनच झाल्या. बोळात दिवा लागला. शाळेशेजारच्या विहिरीत एखादं पोर पडेल या धास्तीने काकींनी कठड्यासाठी अर्ज केला, तोही बांधून झाला. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत शाळेसमोरून जायचे, तर तिथे गतिरोधक झाला. अर्ज मी लिहायचे आणि सह्या काकी गोळा करायच्या. दळणाला आलेली बाई सहीशिवाय सुटायची नाही. "ह्यात कुणाचं वाईट हाय का, सांग. न्हाई न्हवं? मग कर सही." सगळ्या कागदांवर पिठाच्या बोटांचे ठसे असायचे. मी सरकारी नोकरीतली, म्हणून माझी सही नको, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

सगळ्यात वर मात्र त्यांची स्वतःची सही असायची, मोठाल्या अक्षरांत. मी एकदा विचारलं, "एवढं भ्या वाटतं तर खाली कुठेतरी करा की सही."

"आवं, समदे पयल्या नावावरच डाफरत्यात. तिथं दुसऱ्याचं नाव घातलं आन त्याला काय झालं, तर मला झोप लागायची न्हाई."

तोवर त्यांच्यावर कुणी खरोखर डाफरलं नव्हतं. दिवा, कठडा, गतिरोधक यांच्या आड कुणी येत नाही.

आमच्या त्या गावात देवळासमोर एक पटांगण आहे. एका टोकाला दगडी चौथऱ्याचा रंगमंच, दुसऱ्या टोकाला चिंचेचं जुनं झाड. यात्रेत या रंगमंचावर गावकरी नाटक करायचे. गावातल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी तिथे तोंडाला रंग लावलेला होता. शाळेचं स्नेहसंमेलन तिथेच व्हायचं. मंगळवारी बायकांचं भजन असायचं, उन्हाळ्यात चिंचेखाली शेवया-कुरडयांची वाळवणं पडायची. काकी रंगमंचावर कधी चढल्या नाहीत, चिंचेखालच्या भजनातसुद्धा त्या सगळ्यांत मागे बसून टाळ वाजवायच्या. वर गेलं की सगळे आपल्याकडेच बघतात, असं त्यांचं म्हणणं.

एका वर्षी गावात बातमी आली की पटांगणावर दुकानांचे गाळे बांधायचं ठरतंय. रंगमंच पाडायचा, चिंच तोडायची. काम कुणाला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावातला एक ठेकेदार होता, त्याचे ट्रक, त्याची जेसीबी, आणि त्याच्या मागेपुढे मोटारसायकलींवरून फिरणारी माणसं. त्याच्याबद्दल लोक घरातसुद्धा हळू आवाजात बोलायचे.

त्या दिवशी मी दळण न्यायला गेले तर चक्की आधीच बंद होती. काकी पिठाच्या डब्यांमध्ये पाटावर बसल्या होत्या.

"बाई, अर्ज लिवायचा," त्या म्हणाल्या. नेहमीचं वाक्य त्या दिवशी बोलल्या नाहीत, म्हणून मलाच भीती वाटली.

मी म्हटलं, "काकी, हे दिव्यासारखं नाही. ही माणसं वेगळी आहेत."

"ते मला म्हाईत हाय. पर लिवा."

मी लिहिला. लिहिताना गिरणीचं दार त्यांनी आतून ओढून घेतलं होतं. आठवड्याभरात कागद सह्यांनी भरले. मला वाटलं होतं कुणी सही करणार नाही. पण पटांगणाचा विषय निघाला की म्हाताऱ्यांना आपली नाटकातली भाषणं आठवायची आणि ती म्हणता म्हणता ते सही करून जायचे.

मग एका दुपारी ठेकेदाराची दोन माणसं गिरणीत आली. मी तिथेच होते. त्यातल्या एकाने छताकडे बघितलं, भिंतीवरून गेलेल्या वायरीला बोट लावलं आणि गोड आवाजात म्हणाला, "काकी, वायरिंग लय जुनं झालंय की. पिठाचा धुरळा असतोय. एखादी ठिणगी पडली म्हंजे सगळं जायचं. जपा."

काकी म्हणाल्या, "व्हय बाबा."

दुसरा माझ्याकडे वळला. "बाई, तुमी दर शनिवारी सांगलीला जाता न्हवं? साडेपाचच्या गाडीनं जाता." मी मान हलवली. तो हसला आणि दोघे निघून गेले. मोटारसायकलचा आवाज लांब गेला तरी आम्ही दोघी जागच्या हललो नाही. मग काकींनी माझा हात धरला. त्यांचा हात इतका गार होता की मी दचकले.

दुसऱ्या दिवसापासून लोक सही काढून घ्यायला येऊ लागले. पहिली आली ती एक नवी सून. डोळे भरून आले होते तिचे. "मामंजी म्हणत्यात नाव खोडून ये." मला वाटलं काकी रागावतील. त्यांनी कागद पुढे केला, पेन तिच्या हातात दिलं. "लाजू नगंस. मलाबी भ्या वाटतंय. ही बघ तुझी सही, तुझ्या हातानं खोड." ती गेली, मग दुसरी आली, मग नाटकातली भाषणं म्हणणारे म्हातारे आले. प्रत्येकाला काकी तेच म्हणाल्या. कुणाला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. कागदावर रेघाच रेघा झाल्या. अगदी वरचं नाव मात्र तसंच होतं.

त्यानंतर एका सकाळी गिरणीचा पट्टा कापलेला सापडला. सुरीने, सरळ. मागच्या खिडकीचे गज वाकवलेले होते. काकी दारातच बसून राहिल्या, आत पाऊल टाकेनात. काका आत गेले, पट्ट्याचे दोन्ही तुकडे उचलून बघितले आणि तडक घरी गेले. परत आले ते पलटणीतली टोपी घालून, हातात काठी घेऊन. तेव्हापासून ते दिवसभर ओट्यावर न बसता दारातल्या खुर्चीवर बसू लागले. त्यांना कुणी आलेलं ऐकू येणार नव्हतं, हे काकींना माहीत होतं आणि काकांनाही. काकी काम करता करता सारख्या दारात येऊन ते बसलेले आहेत ना, बघून जायच्या.

रेघांनी भरलेला तो अर्ज काकींनी तसाच जिल्ह्याच्या कचेरीत पाठवला, आणि शेवटी सांगलीला मोठ्या साहेबांपुढे सुनावणी लागली. काका येतो म्हणाले. काकींनी त्यांच्या कानाशी सांगितलं, "सायेब काय बोललं ते तुमाला कळायचं न्हाई. तुमी गिरणी सांभाळा." मी रजा टाकली आणि आम्ही दोघी एसटीने निघालो. काकी खिडकीशी बसल्या होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या. एक मोटारसायकल बराच वेळ गाडीच्या मागे होती. ती आमच्यासाठीच होती की आपल्या वाटेने चालली होती, कोण जाणे. मी मागे बघत होते आणि काकी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

कचेरीच्या पायऱ्यांवर त्यांना ओकारी झाली. नळावर तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "बाई, परत जाऊया."

मी म्हटलं, "जाऊया."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग पदर खोचला आणि जिना चढू लागल्या. मी त्यांच्यामागून गेले.

आत ठेकेदार आधीच येऊन बसला होता. स्वच्छ पांढरे कपडे, मांडीवर हात. त्याने काकींना वाकून नमस्कार केला. साहेबांनी विचारलं, "तुमची नेमकी हरकत काय आहे? गाळे झाले तर गावाचाच फायदा आहे."

काकी जमिनीकडे बघत बोलल्या. "सायेब, मी भित्री बाई हाय. मला घरात एकटीला भ्या वाटतं, रस्त्यावर भ्या वाटतं. आता हितंबी वाटतंय. त्या पटांगणात चार बायकांत बसले म्हंजे तेवढा येळ वाटत न्हाई. पारावर गडीमाणसं असत्यात, देवळात पुजारी फार येळ बसू देत न्हाई. आमाला बसायला दुसरी जागा न्हाई. बाकीच्यांनी सह्या खोडल्यात, पर त्यांना नगं हाय म्हणून न्हाई खोडल्या. भिऊन खोडल्यात."

"कुणाला भिऊन?" साहेबांनी विचारलं.

खोलीत पंखा फिरत होता. काकींनी मान वर केली आणि ठेकेदाराकडे बघितलं. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं. त्या आयुष्यात कुणाकडे इतका वेळ बघत राहिल्या असतील असं मला वाटत नाही. साहेबांनीही तिकडे बघितलं, आणि मग खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

पुढे जागा बघायला कचेरीतून माणूस आला आणि काही महिन्यांनी निकाल आला. पटांगण गावाच्या सार्वजनिक वापरासाठीच राहील, रंगमंचाची डागडुजी करावी. गावात कुणी फटाके लावले नाहीत. लोक गिरणीत येऊन हळूच काकींचा हात दाबून जायचे.

निकालानंतर पंधरवड्याच्या आत काका सकाळी दूध आणायला गेले असताना मागून आलेल्या एका मोटारसायकलचा धक्का लागून पडले. खुब्याचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. ऐकू येत नव्हतं म्हणून बाजूला झाले नसतील, असं काही जण म्हणाले. काही जण काहीच म्हणाले नाहीत. तो अपघात होता की नाही, हे आजही गावात कुणी ठामपणे सांगत नाही.

उंब्रजला दिलेली त्यांची लेक गाडी घेऊन आली आणि दोघांना घेऊन गेली. मी निरोप द्यायला गेले तेव्हा काकी पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. काच अर्धीच खाली केली. "तुमी बदली मागून घ्या, बाई," एवढंच म्हणाल्या. मी बदली मागितली नाही. गिरणी मात्र बंदच पडली. आता आम्ही दळणाला शेजारच्या गावी जातो.

काका अजून काठीशिवाय चालत नाहीत. काकी त्यानंतर एकदाही गावात आल्या नाहीत. यात्रेला या, म्हणून मी फोन केला की म्हणतात, "बघू." त्यांचं बघू म्हणजे काय, ते मला कळतं.

यंदाच्या यात्रेत डागडुजी केलेल्या रंगमंचावर पहिल्यांदाच बायकांचं भजन झालं, वर चढून, माइक लावून. संध्याकाळची वेळ होती. पटांगण भरलं होतं, चिंचेखालीसुद्धा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मला राहवेना. मी काकींना फोन लावला आणि तो गर्दीच्या दिशेने वर धरला. बऱ्याच वेळाने कानाला लावला तर पलीकडे त्या नुसत्या श्वास घेत होत्या.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"आलं. लय बायका हायत का?"

"मावत नाहीत."

मग त्यांनी हळूच विचारलं, "ती माणसं आल्यात?"

मी मान वळवली. गर्दीच्या मागे मोटारसायकली लागल्या होत्या. एकीवर टेकून उभा असलेला माणूस भजनाकडे बघत नव्हता.

"आलीत," मी म्हटलं.

"मग फोन ठेवा, बाई. तुमच्याकडं बघत असतील."

मी फोन ठेवला नाही. पुन्हा वर धरला, रंगमंचाकडे. दोन्ही हातांनी घट्ट धरला. भजन संपेपर्यंत तशीच उभी राहिले.