बोकडाचं हृदय आणि दोन विद्यापीठं
स्पिरिटचा वास नाकात गेला की मी आधी दार कुठे आहे ते बघतो. बारावीनंतर मला जैवअभियांत्रिकीसाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता, एक आमच्या पुण्यातलंच, एक पार दक्षिणेतलं, आणि संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. पोरगा घरातच राहावा म्हणून आई आठवडाभर इतकी रडली होती की खडकवासल्याचं धरण तेवढ्यावर भरलं असतं. तिच्याच हट्टानं आम्ही त्याच दिवशी दुपारी पुण्यातली प्रयोगशाळा बघायला गेलो. आत स्पिरिटचा दर्प, हाडं गोठवणारा एसी आणि काचेच्या पेटीत नळ्यांना जोडलेलं बोकडाचं हृदय. रक्ताच्या थेंबानंही भोवळ येणाऱ्या मला ते कलिंगडाएवढं दिसलं. तिथल्या प्राध्यापक बाईंनी पंप सुरू केला आणि ते चक्क धडधडायला लागलं. मी असा किंचाळलो की अख्ख्या सदाशिव पेठेची दुपारची झोप मोडली असेल. "अहो, घाबरताय काय? तो बोकड काही ते परत मागायला येणार नाही," बाई म्हणाल्या. रिक्षात बसलो तेव्हा आई पांढरीफटक पडली होती. "तू आपला दक्षिणेतच जा रे बाबा. तिथे म्हणे सगळं कॉम्प्युटरवर असतं." तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. एका परक्या स्टेशनवर आपण ट्रंक घेऊन एकटेच उतरतोय, असं मला दिसलं आणि त्यापुढे ते बोकडाचं हृदय एकदम बोराएवढं वाटलं. "इथेच," मी म्हणालो. हल्ली विद्यार्थी विचारतात, "सर, तुम्ही पुणंच का निवडलंत?" मी प्रयोगशाळेच्या दर्जावर तासभर बोलतो.