मॅकच्या घरी लिनक्सचं बिऱ्हाड

गल्लीत तिला सगळे टीपवाली म्हणत. सदरा विरून जाईल, पण तिनं मारलेली टीप उसवणार नाही, असा तिचा दबदबा! उभा जन्म तिची बोटं शिलाई मशीनवर चालली. कीबोर्डवर ती फिरू लागली नवऱ्याची दृष्टी गेल्यावर.

नवरा छापखान्यात पानं जुळवायचा. छापखाना बंद झाला तेव्हा तिथला जुना मॅक संगणक त्यानं हौसेनं घरी आणला. मॅकच्या पोटात एक कार्ड होतं; म्हणजे अख्खा दुसरा पीसीच, पण भाडेकरू. स्वतःची डिस्क नाही, कीबोर्ड नाही, सगळं मॅककडून उसनं. त्या कार्डावर डॉस ही जुनी प्रणाली चाले. "यावर मी डॉसऐवजी लिनक्स चालवून दाखवीन," असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला, आणि त्याचा धाकटा भाऊ वर्षानुवर्षं हसत आला.

आता लेक कायमची राहायला येणार होती. मॅकची खोली रिकामी हवी. दिरानं भंगारवाल्याला सांगूनही टाकलं. "रविवारी येतोय तो, वहिनी. तोवर दादाचं ते लिनक्सचं भूत नाचलं, तर ठेवा."

नवरा नुसता त्या डब्यावर हात ठेवून बसला. तिला ते बघवेना. तिनं स्टूल ओढलं.

"सांगा, काय दाबायचं ते."

तो सांगे, ती एकेक अक्षर हुडकून दाबी आणि पडद्यावरचं वाचून दाखवी. लिनक्स दर वेळी मोठ्या ऐटीत प्रवेश करी आणि पहिल्याच वाक्याला अडखळे.

"काय म्हणतंय?"

"डिस्क सापडत नाही म्हणे. अहो, आत्ता तर डॉसला सापडली होती!"

"डिस्क मॅकची गं. डॉस मॅकला विचारून घेतं. हा पठ्ठ्या न विचारता थेट हात घालतो."

ती खुदकन हसली. "लोकांच्या घरी शिवायला गेला नाही वाटतं कधी! मी जायचे तिथल्या बाई कपाटाला कुलूप लावून बाहेर पडायच्या. म्हणून मी आधीच कापड, दोरा, बटणं, सगळं सतरंजीवर काढून घ्यायचे. मग कपाट हवंय कुणाला?"

नवरा ताठ बसला. "अगं, पुन्हा बोल!"

"काय बोलू?"

"डॉसलाच सामान काढू दे! अख्खं लिनक्स मेमरीत आणून ठेवायचं आणि डॉसनं पडद्याआड जायचं. मग डिस्क लागतेच कशाला?"

"मावेल सगळं?"

"मावेल तेवढंच घेऊ."

दोघं कामाला लागली. शेवटी त्यानं मशीनला एक नाव द्यायला लावलं. ती लाजली. "शोभतं का हे या वयात?"

"घाल गुपचूप."

रविवारी भंगारवाला दारात, दीर खोलीत. तिनं कळ दाबली. पडदा काळाकुट्ट. दिरानं घसा खाकरला. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर घट्ट झाला.

आणि ओळी धावू लागल्या! डिस्कची ओळ आली, गेली. कुणी अडखळलं नाही.

"वाच ना गं!"

"मी नाही. भाऊजी, तुम्ही वाचा. मोठ्यानं."

दीर वाकला. वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. "लिनक्स... दादा, लिनक्सच आहे रे! आणि शेवटी... 'टीपवाली लॉगिन'?"

"मशीनचं नाव आहे ते," नवरा म्हणाला. नाटकातल्या राजानंसुद्धा हेवा करावा, अशी त्याची मान ताठ होती.

दीर दाराशी गेला. "न्यायचं काही नाही, बाबा. चालू मशीन आहे. आमच्या दादा-वहिनींनी चालवलंय." मग मागे वळून म्हणाला, "वहिनी, हे ठेवायचं कुठे?"

"माझ्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी," टीपवाली म्हणाली. "उचला. आणि सांभाळून, चालू आहे ते!"