सचिव म्हणजे मंत्री

मी बंगलोरला सहा वर्षं राहत होतो आणि कानडीतले मोजून दोन शब्द मला येत होते, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे ठीक आहे. रिक्षावाल्याशी तेवढ्यावर भागायचं. पुण्याहून आल्यामुळे इथल्या मराठी मंडळींच्या बोलण्यातल्या चुका काढणं हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे, असं मला वाटे. जिभेला हाड नव्हतंच. आता आठवलं की कान गरम होतात.

येलहंक्याला आमच्या मंडळींनी एक छोटी मराठी शाळा चालवली होती. तिथे नागरिकशास्त्राला शिक्षक हवा होता आणि निवड समितीत आम्ही तिघे होतो. एक मी. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिसरे अण्णा, ज्यांचं घराणं चार पिढ्या बंगलोरात मुरलेलं. घरात मराठी, दारात कानडी.

उमेदवार बाई सीमाभागातल्या होत्या. घरची भाषा मराठी, पण सगळं शिक्षण, अगदी बी.एड.सुद्धा, कानडीतून झालेलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला दिवसभर उभ्या राहायच्या. शाळेची वयाची अट पुढच्या वर्षी त्यांना आडवी येणार होती, म्हणजे ही शेवटची संधी. अर्जासोबतच्या चिठ्ठीत त्यांनी तसं सरळ लिहिलं होतं.

वर्गातल्या मुलांसमोर घ्यायच्या नमुना धड्याचा विषय मीच दिला. दिल्लीत तेव्हा सरकारं भराभर बदलत होती, रोज कोणी ना कोणी शपथ घेत होतं. म्हटलं, केंद्रीय मंत्रिमंडळ कसं बनतं ते शिकवा.

बाईंनी काय सुरेख शिकवलं! ‘‘घरात लग्न निघालं की घरातली सगळीच माणसं राबतात की नाही? पण मुहूर्त, जेवण, देणंघेणं ठरवायला चार वडीलधारीच बसतात. ते चार म्हणजे कॅबिनेट. बाकीचे राज्यमंत्री, उपमंत्री. काम सगळ्यांना, पण बैठकीला सगळे नाहीत.’’ मुलं कान टवकारून ऐकत होती. मग सामूहिक जबाबदारी. ‘‘बैठकीत कितीही भांडा. दार उघडून बाहेर आलात की सगळ्यांचं तोंड एक. नसेल पटत तर राजीनामा द्यायचा आणि घरी जायचं.’’

आणि मग त्या म्हणाल्या, ‘‘पंतप्रधान सचिव निवडतात, राष्ट्रपती त्यांना शपथ देतात. सचिव खासदार नसला तर सहा महिन्यांत त्यानं निवडून यायला पाहिजे.’’

मी मागच्या बाकावरून मोठ्यानं हसलो. ‘‘अहो बाई, सचिव कसली शपथ घेतोय? सचिव म्हणजे सेक्रेटरी! फायली सांभाळणारा! मंत्री कोण आणि त्याचा कारकून कोण हेच माहीत नाही, आणि नागरिकशास्त्र शिकवायला निघालात?’’

मुलंही हसली. मी हसलो म्हणून हसली. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘सचिव’ हा शब्द हातानंच पुसला आणि म्हणाल्या, ‘‘चुकलं, सर.’’ नंतरचा धडा त्यांना धड जमला नाही.

बाई व्हरांड्यात चहाचा कप घेऊन बसल्या आणि आम्ही आत बोलायला बसलो. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, ‘‘तुमची स्वल्प गडबड झाली. कानडीत सचिव म्हणजेच मंत्री. सचिव संपुट म्हणजे मंत्रिमंडळ. सेक्रेटरीला इथे कार्यदर्शी म्हणतात. शब्द कानडी आला, पण विषय बाईंना चोख येतो.’’ टेबलावर कानडी पेपर पडला होता. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. मला अक्षर लागत नव्हतं, पण अण्णा खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

दार उघडून चार पावलं जायचं आणि म्हणायचं, बाई, चूक माझी झाली. एवढंच होतं. पण मुलांसमोर मी हसलो होतो ना! आता माघार घेतली तर माझी काय शोभा राहिली असती? मी चढ्या आवाजात म्हणालो, ‘‘मराठी शाळेत मराठी शब्द यायला नकोत का?’’ मुख्याध्यापिका माझ्या बाजूच्या झाल्या. अण्णांनी थोडा वाद घातला, मग ‘‘सरी’’ म्हणून नकारावर सही केली. बाहेर येऊन निकालही त्यांनीच सांगितला, ‘‘समितीचं असं ठरलंय.’’ तोंड एक! बाईंनी शिकवलेला धडा आम्ही त्यांच्यावरच गिरवला. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी कप विसळून जागेवर ठेवला आणि त्या गेल्या.

दोनेक वर्षांनी बायकोबरोबर चिकपेटला साड्या घ्यायला गेलो, तर दुकानात साड्या उलगडून दाखवायला त्याच बाई. मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी ओळखलं आणि छान हसल्या. बायकोला म्हणाल्या, ‘‘अक्का, सरांनी माझी मोठी चूक दाखवली होती.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘बरं झालं सर, तेव्हाच सांगितलंत. आमचं शिक्षण कानडीतलं. चुकीचंच शिकलो बघा आम्ही. तेच मुलांना शिकवलं असतं तर?’’

अजूनही वेळ होती. कार्यदर्शी हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. समोर बायको होती, दुकानदार होता, साडी अर्धी उलगडलेली होती.

मी म्हणालो, ‘‘चालायचंच हो. होतं असं.’’

‘‘थोर मनाचे आहात सर,’’ त्या म्हणाल्या, आणि साडीचा पदर उलगडून त्यांनी माझ्या बायकोच्या खांद्यावर टाकला.