कुंकवाचं बोट

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दस्तनोंदणीच्या कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केली. सख्खे भाऊ एकमेकांच्या वाट्यातल्या बांधावर काय काय करतात, ते कागदावर बघितलं. न वाचता अंगठा उठवायला आलेल्या माणसाला मी टेबलावरून परत पाठवायची. "आधी वाचून घे, न्हाईतर कुणाकडून वाचून घे, मग ये," म्हणायची. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणेनात का, माझ्या टेबलावर कुणी फसलं नाही.

तर अशी मी, आणि मोबाईलवरून साडी मागवायची वेळ आली. माझ्या सुनेचं माहेर बिलोलीचं. तिची आई, म्हणजे माझी विहीणबाई, तिथल्या शाळेत शिक्षिका. त्या निवृत्त होणार होत्या आणि शाळेत त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता. आमच्याकडून साडी जायची ठरली. सून म्हणाली, गंजगोलाईच्या बाजारात जाऊन घेऊ. मला लातूरच्या दुकानदारांचाही भरवसा नाही. समोर एक दाखवतात, बांधून दुसरंच देतात. पण मोबाईलवर एक मोरपंखी साडी दिसली, जरीचे काठ, आणि माझं मन गेलं. सून म्हणाली, "आई, परत घ्यायचे नियम आधी बघून घ्या. प्रत्येकाचे वेगळे असतात."

मला राग आला. मला वाचायला शिकवून राहिली ही. "सगळ्या अटी मान्य आहेत" अशी एक चौकट होती, तिच्यावर मी बोट ठेवलं आणि पुढे गेले. एक ओळसुद्धा वाचली नाही. कार्यालयात माझ्यासमोर कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी पार्सल आलं. अशा पार्सलातून दगड निघतात, जुने कपडे निघतात, हे मी दहा जणांकडून ऐकलेलं. म्हणून सुनेला माझा मोबाईल दिला आणि म्हटलं, "फोडताना व्हिडिओ काढ. पुरावा राहतो." ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, काढ म्हणते ना. तिने काढला. साडी निघाली, मोबाईलवर होती तशीच, रंग झकास. मी घडी वरवर चाळली आणि साडी देवघरात नेऊन ठेवली.

शुक्रवारी सकाळी अंगणात उजेडात ती पुरती उलगडली. मधल्या घडीवर रंग विटलेला, वीतभर पट्टा. कुठल्या तरी गोदामात उन्हात पडून राहिली असणार. असलं वस्त्र विहिणीला द्यायचं म्हणजे तिच्या शाळेसमोर आपलीच शोभा. मी लगेच परत करायचं बटण शोधायला बसले. सून म्हणाली, "आई, थांबा थोडं. साडी सगळी नीट बघा, अन् नियम पण वाचून घ्या." मी म्हटलं, "तीस वर्षं दस्त वाचले मी." तिने साडी घडी करून कपाटात ठेवली. सोमवारी माणूस न्यायला येणार असं मोबाईलवर आलं.

मधल्या शनिवारी सून नांदेडला गेली, मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं. सकाळच्या एसटीने गेली, संध्याकाळी परत. हातात एक पिशवी होती. बारशाला जाताना पिशवी असणारच, पण मी ती पिशवी बघितली आणि लक्षात ठेवली. ती माझी सवय आहे.

सोमवारी माणूस आला. चांगला पन्नाशीचा, दाढी पिकलेली. ओसरीवर बसून त्याने साडीची लेबलं बघितली, मग चारही टोकं हातात धरून एकेक बघत गेला. एका टोकाशी थांबला.

"काकू, ही न्हाई घेता येत. कुंकू लागलंय."

मी टोक हातात घेतलं. कुंकवाचं बोट, ओलं लावलेलं, वाळून बसलेलं. मी म्हटलं, अहो, रंग विटलाय तो बघा की. तो म्हणाला, "ते खरं हाय, पण डाग असला की घेत न्हाईत. नियमात लिवलंय, बघून घ्या. तुमच्यासारखे लई लोक म्हणतात, आम्हाला म्हाईतच नव्हतं." आणि गेला.

आता आपल्याकडं कुंकवाचं बोट कधी लावतात? नवं वस्त्र अंगावर घालायच्या आधी. म्हणजे ही साडी कुणीतरी नेसलं. घरात बाया दोन. मी तर नेसले नव्हते. आणि शनिवारी बारसं होतं. परत करायचीच आहे, तर एक दिवस मिरवून घ्या, असं हल्ली लोक करतात हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत येऊन बसलं. एखादा दस्त जुळावा तसं जुळलं, आणि खरं सांगते, मला त्यात थोडा आनंदही झाला.

मुलगा जेवायला घरी आला होता. त्याच्यासमोरच मी म्हटलं, "नेसायची होती तर सांगून नेसायचीस. चोरून कशाला?"

सून भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. आधी तिला कळलंच नाही, मग कळलं. मुलगा म्हणाला, "आई, काहीही काय बोलून राहिलीस?" ती त्याला म्हणाली, तुम्ही बोलू नका. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सांगितलेलं तुम्हाला पटणार नाही. तुमच्या मोबाईलमधला व्हिडिओ बघा."

मी कशाला बघेन? पार्सलाच्या व्हिडिओत शनिवारचं काय असणार? लक्ष दुसरीकडे वळवायला बघते, असं मी धरलं. चोराच्या मनात चांदणं. दुपारी शिरूर अनंतपाळला माझ्या धाकट्या बहिणीला फोन लावला आणि सगळं ओकले. परत करायची साडी कशी नेसली, पिशवीत कशी नेली, सगळं. जे बघितलं नव्हतं तेही बघितल्यासारखं सांगितलं. बहीण म्हणाली, मला तर पहिल्यापासून वाटतच होतं.

मंगळवारी मी कंपनीला तक्रार लिहायला बसले. विटलेली साडी पाठवतात आणि वर परत घेत नाहीत, सोडते की काय मी त्यांना. पुरावा म्हणून व्हिडिओ जोडायचा होता. सुरू केला. कात्री, कागद, साडी, माझे हात. एवढं मी आधी बघितलं होतं. पुढे काय असणार म्हणून कधी शेवटपर्यंत बघितलाच नव्हता. या वेळी चालू राहू दिला.

माझे हात साडी उचलतात, देवघराकडे जातात. मोबाईल मागोमाग येतो. मग सुनेचा आवाज, अगदी मऊ: "आई, ते नका लावू. परत करावी लागली तर?" आणि माझा आवाज: "गप गं. नवं वस्त्र बिनकुंकवाचं ठेवत नसतात." माझंच ओलं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडतं, साडीच्या टोकाला टेकतं.

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. चाळीस वर्षं हात ते काम करतोय, डोक्याला विचारत नाही. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग पहिल्यांदा त्या कंपनीचे नियमही वाचले. चौथ्याच ओळीत होतं: न वापरलेलं, डाग नसलेलं, लेबलासकट. साधं मराठी. कुणी काही लपवलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला म्हटलं, "माझं चुकलं." एवढंच जमलं. ती म्हणाली, "जाऊ द्या आई." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी तिच्यासमोर बहिणीला फोन लावला, आवाज मोठा करून. म्हटलं, मी बोलले ते सगळं खोटं, कुंकू माझ्याच हातचं, व्हिडिओत दिसलं. बहीण म्हणाली, "असू दे अक्का. तू मनाची मोठी, सुनेवर पांघरूण घालतेस. पण मी वळखते या पोरींना." मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. पुराव्याचा व्हिडिओ पाठवते म्हटलं तर म्हणाली, कशाला, मला सगळं कळतंय. सून भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

विहीणबाईंसाठी गंजगोलाईतून दुसरी साडी आणली, सुनेच्या पसंतीची. ती विटलेली मी स्वतःच बिलोलीच्या कार्यक्रमाला नेसले. विटलेला पट्टा निऱ्यांत गेला, कुणाला कळलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, रंग छान आहे हो, कुठून घेतली? मी सुनेकडे बघितलं. ती पाहुण्यांना चहा देत होती.

याला आता वर्ष होईल. परवा पार्सल आलं, मुलाचे शर्ट होते. मी कात्री घेऊन बसले, तर सून न सांगता समोर येऊन उभी राहिली, तिचा स्वतःचा मोबाईल धरून. बघितलं तर कॅमेरा पार्सलावर नव्हता, माझ्या हातांवर होता.

मी म्हटलं, "अगं, आता कशाला?"

"असू द्या आई," ती म्हणाली. "पुरावा राहतो."