यादीतलं पहिलं नाव

डोळे मिटतायत हे मला कळतंय, आणि ते मिटू नयेत म्हणून मी काहीही करत नाही. दुपारचे अडीच वाजलेत. अमरावतीतला आमचा क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे, वर नुसते पत्रे, त्यामुळे सप्टेंबरातही खोली तापते. सकाळी मुलांनी सराव परीक्षा दिली, तिचे निकाल लावून झाले, मुलं घरी गेली. मी टेबलावर हात ठेवलेत आणि हातांवर डोकं. फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला सांगतो. अशी पाच मिनिटं मी मुलांना कधी दिलेली नाहीत.

गाढ झोपून चालणार नाही, कारण चार वाजता प्रणिता येणार आहे.

प्रणिता गावंडे, दर्यापूरची. एमबीएच्या प्रवेशाची कॅट परीक्षा तिने तीनदा दिलीय. पहिल्या वर्षी एक्क्याऐंशी पर्सेंटाइल, दुसऱ्या वर्षी अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्या वर्षी शहाऐंशी. तिला हवी ती कॉलेजं नव्व्याण्णवच्या खाली बघतसुद्धा नाहीत. पुण्याच्या एका विमा कंपनीने तिला नोकरीचं पत्र पाठवलंय, आणि हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. "तुम्ही सांगाल तसं करते सर," असं ती काल म्हणाली. मी म्हटलं, उद्या चारला ये. जणू एका रात्रीत मला काही सुचणार होतं. माझ्याकडे उत्तर एकच असतं, आणि सतरा वर्षं मी ते प्रत्येकाला देत आलोय. अजून एकदा दे.

दुसरं उत्तर ढोले मॅडमांकडे असायचं. क्लास आम्ही दोघांनी मिळून काढला. मी गणित शिकवायचो, त्या इंग्रजी. कुणाला थांबवायचं असलं की त्या त्याला जिन्यात नेत, पाच मिनिटं बोलत आणि शेवटी म्हणत, "पुरे झालं आता, बेटा." मूल डोळे पुसत खाली उतरायचं. वर्षभराने निवड झालेली मुलं पेढे घेऊन माझ्याकडे यायची आणि थांबलेली मुलं त्यांच्याकडे. पेढे त्यांचेच जास्त असायचे, हे मला कधी आवडलं नाही. मार्चमध्ये मॅडम हार्ट अटॅकने गेल्या. तेव्हापासून आमच्या क्लासमधून कुणीही थांबलेलं नाही.

पंखा कुरकुरतोय. त्या कुरकुरीतच कुणीतरी बाक सरकवतं.

"झोपून राह्यले का सर?"

मॅडम पहिल्या बाकावर बसल्यात. अंगावर लिंबाच्या रंगाची सुती साडी, मांडीवर परात, परातीत बरबटीच्या शेंगा. शेंगा मोडता मोडता त्या माझ्याकडे बघतायत. त्या गेल्यात हे मला पक्कं माहीत आहे. तरी मनात पहिलं येतं ते हेच, की बरं झालं, आल्या एकदाच्या.

"नाही, जरा डोळा लागला," मी म्हणतो.

"मग मी काय वेगळं म्हटलं?"

"मॅडम, चारला प्रणिता येतेय. तुम्ही बोलता का तिच्याशी?"

"मी? बाप्पा! अहो सर, मी मेलेली आहे. खांदा दिला ना तुम्ही?"

"दिला."

"आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो म्हणून लेक्चर रद्द केलं. पोरांना वाटलं, सर दुःखात आहेत."

"होतोच."

"माहीत आहे," त्या म्हणतात आणि पुढची शेंग उचलतात.

बाक राहिलेला नाही, तिथे ओटा आहे. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात उभे आहोत. शेगडीवर कुकरच्या जागी संगणक ठेवलाय आणि त्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी चाललीय, अडतीस मिनिटं, सदतीस मिनिटं. मॅडमांना त्याचं काही नाही. त्या शेंगा धुतायत.

"पोरीला विचारलं का, तिला काय पाहिजे?"

"ती म्हणते, सर सांगतील तसं."

"हे कोण म्हणते सांगू? जिला थांबायचं असते, ती. ज्यांना पुढं जायचं असते ते विचारायला येतच नाहीत. अर्ज भरून मोकळे होतात."

मला हे कधी कळलं नव्हतं. इतकी मुलं विचारून गेली आणि मी प्रत्येकाला पुन्हा पुस्तकांपुढे बसवलं, त्यांतल्या कितींचे चेहरे आता एकदम आठवायला लागतात.

"तिला पुरे म्हणा सर. सोपं आहे."

"मला जमत नाही. तोंडातून 'अजून एकदा'च निघतं."

"काहून जमत नाही, ते पाहू. चला." त्या पदराला हात पुसतात आणि मागचं दार उघडतात.

मागच्या दाराबाहेर बडनेरा रोडवरचं परीक्षा केंद्र आहे. रांग लागलीय. दारावरचा माणूस मला बूट काढायला लावतो, खिसे उलटे करायला लावतो, प्रवेशपत्र मागतो. मी खिशातून प्रवेशपत्र काढून देतो. त्याच्याखाली आणखी एक निघतं, त्याच्याखाली आणखी एक. तो सगळी शांतपणे मोजतो. अठरा भरतात. मॅडमांना तो काहीच विचारत नाही.

दरवर्षी ही परीक्षा मीही देतो. पेपर घरी आणता येत नाही, तेव्हा शिकवणाऱ्याने तो स्वतः बसून बघावा, असं मी सगळ्यांना सांगतो. पुष्कळ क्लासवाले तसं करतात. पण पहिल्या दोन वर्षी मी खरंच जायचं म्हणून बसलो होतो. दोन्ही वर्षी मुलाखतीची पत्रं आली. पहिल्या वर्षी बहिणीचं लग्न होतं. दुसऱ्या वर्षी क्लास नुकताच निघाला होता, अकरा मुलं होती, आणि मला वाटलं, पुढच्या वर्षी जाऊ. त्यानंतर मी नुसता पेपर देऊन येतो, कॉलेजांचे अर्ज भरतच नाही. मॅडमही माझ्याबरोबर पेपरला बसायच्या. फळ्याच्या कोपऱ्यात परीक्षेला जाणाऱ्यांची यादी निळ्या मार्करने लिहिलेली असते, आणि तिच्यात पहिलं नाव माझं असतं. यंदाही लिहून झालंय. मुलांना यातून स्फूर्ती मिळते, असा माझा समज आहे.

आत अठरा संगणक ओळीने मांडलेत आणि अठराही खुर्च्यांवर मीच बसलोय. जवळच्या खुर्चीतला मी चाळिशी लावून, पाठ चोळत बसलाय. पुढे पुढे जावं तसे केस दाट होत जातात, मिशी काळी होत जाते, पाठ सरळ होत जाते. शेवटच्या खुर्चीत अठ्ठावीस वर्षांचा एक पोरगा आहे. त्याच्या शर्टाला कडक इस्त्री आहे. बहिणीने केलेली.

"उठवा त्याला," मॅडम म्हणतात.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. "चल, घरी जाऊ."

"अजून चाळीस मिनिटं आहेत," तो मान वर न करता म्हणतो.

"अरे, पेपर संपलाय."

"एकच प्रश्न राहिलाय."

मी वाकून बघतो. पडद्यावर पहिला विभाग आहे, आणि तो केव्हाच बंद झालाय. कुठलंही बटण दाबलं तरी काही होत नाही, आणि तो दाबतोच आहे. एका विभागाची वेळ संपली की मागे येता येत नाही, त्याचा विचार तिथेच सोडा, हे मी पहिल्या दिवशी पहिल्या तासाला शिकवतो.

"हा तुमच्या क्लासचा दिसत नाही," मॅडम म्हणतात.

मला हसू यायला हवं. येत नाही. मी त्या पोराच्या बगलेत हात घालून त्याला उचलायला बघतो, तर तो फार जड आहे. माझे हात भरून येतात. अंगात जोर म्हणून राहिलेला नाही, आणि मला एवढंच हवंय की कुणीतरी येऊन म्हणावं, राहू दे, तू बस.

आम्ही बाहेर, केंद्राच्या फाटकापाशी आलोय. दरवर्षी पेपर सुटला की आम्ही इथेच उभे राहतो, लिंबाच्या झाडाखाली, आणि आपली मुलं एकेक करून बाहेर यायची वाट बघतो. आज कुणीच बाहेर येत नाही. रस्त्यावर वाहन नाही. नोव्हेंबरातलं कोवळं ऊन पडलंय.

"तुम्हाला एक सांगायचं राह्यलं सर."

"सांगा ना."

"दर साली इथं उभी राह्यली की ठरवायची, आज सरांना सांगू. आता पुरे करा म्हणू. पोरं शिकवा, मजेत शिकवा, पण ही परीक्षा द्यायचं सोडा. यातून तुम्ही कुठं जाऊन नाही राह्यले. आल्यावर चार दिवस तुमचं तोंड पाहवत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

त्या म्हणतात, "वाटायचं, हे नाही आले तर या फाटकाशी मी एकटी काय करू? बस, एवढंच. एवढ्या पोरांना जिन्यात नेऊन सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं. स्वार्थ होता माझा."

आमच्यात असं बोलणं कधी झालं नव्हतं. सर आणि मॅडम, अहो-जाहो, चहाचे दोन कप आणि वेळापत्रक, यापलीकडे सतरा वर्षांत आम्ही गेलो नाही. मला त्यांचा राग यायला हवा, निदान थोडासा. पण मला फक्त त्यांची आठवण येते, त्या समोर उभ्या असताना येते, आणि मी रडायला लागतो.

"आता सांगते," मॅडम म्हणतात. "पुरे झालं सर."

फाटकाला आमचा फळा टांगलाय. कोपऱ्यात यादी आहे. मी डस्टर शोधतो, तर त्या मला आपला उजवा हात दाखवतात. तळव्याची कड निळी झालेली आहे, क्लासमध्ये रोज असायची तशी. डस्टरला हात लावायचा त्यांना कंटाळा, फळा हातानेच पुसायच्या.

मी हात उचलतो. नाव पुसायला जोर लागेल असं वाटलं होतं. काहीच लागत नाही.

"आता झोपा जरा," त्या म्हणतात. फाटकाबाहेर त्यांची पाठ दिसते, मग साडीचा रंग दिसतो, मग ऊन.

पंखा कुरकुरतोय. मानेला रग लागलीय, गाल ओला आहे. चार वाजायला दहा मिनिटं आहेत. मी खुर्चीतच आहे, डोकं टेबलावर होतं तसंच आहे. उठून बसताना उजवा हात डोळ्यांसमोर येतो. करंगळीच्या खालची सगळी कड निळी झालीय.

मी फळ्याकडे बघतो. यादीत सर्वांत वर माझ्या नावाच्या जागी एक पुसट पट्टा आहे. खाली बाकीची सगळी नावं जागच्या जागी आहेत. इथून फळ्यापर्यंत हात पोचतो का, ते मी बसल्या बसल्या करून बघतो. चार हात अंतर राहतं. मग मी तो नाद सोडतो.

जिन्यात पावलं वाजतात. प्रणिता दारात येऊन थांबते. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं मी तीन वर्षं बघतोय, आणि ती मेहनतीची खूण म्हणून बाकीच्या मुलांना दाखवतही आलोय.

"येऊ का सर?" ती आत येते, आणि बसायच्या आधी तिचं लक्ष फळ्याकडे जातं. "सर, तुमचं नाव कोणी पुसलं?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही यंदा...?"

"नाही देत." "पुरे झालं."

ती तशीच उभी राहते. बॅगेचा पट्टा मुठीत धरून ठेवते, आणि मग एका दमात बोलते. "सर, मी आईला सांगितलं होतं की मी थकली. आई म्हणे, थकली तर सोड. मी म्हटलं, आमचे सर अठरा वर्षांपासून देऊन राह्यले, ते थकत नाहीत. मग मी तिसऱ्याच वर्षी काहून थकते? माझ्यातच काहीतरी कमी असेल."

मी बसलेलोच आहे, तरी बसावंसं वाटतं. असं वाटणारी आणखी किती मुलं हा जिना चढून गेली, ते मला आता कधीच कळणार नाही.

"मी थकलोय गं," मी म्हणतो. "फार वर्षं झाली. कुणाला बोललो नव्हतो."

प्रणिता पहिल्या बाकावर बसते आणि हुंदके देऊन रडायला लागते. मी तिला रडू देतो. रडता रडताच ती मोबाइल काढते आणि पुण्याच्या कंपनीला होकाराचं उत्तर लिहायला घेते.